फळ्यावर तुझं नाव

पुणे, ८ एप्रिल

आई,

तुले प्रसेनजितचा जयभीम. मी बरा आहो, दोन्ही टाइम जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? अंगणातला पुदिना उन्हानं जळला तर नाही?

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहून राह्यलो.

आमच्या हॉटेलात उन्हाळ्याचं नवीन सरबत पाहिजे होतं. मी तुझं पन्हं केलं. कोळशाच्या आरावर भाजलेली कैरी, गूळ, जिरं, वरून हातानं चुरलेला पुदिना. शेफले लय आवडलं. हे कोणाचं, म्हणे. मी फुशारकीनं सांगितलं, माझ्या आईचं, सिंधूताईचं. त्यानं बाहेरच्या फळ्यावर तसंच लिहिलं. त्याचाच फोटो तुले पाठवला होता.

मी मागं किचनमध्ये पन्हं करतो, समोर वेटर नेते. काल वेटर नव्हता, म्हणून मीच काउंटरवर गेलो. तिथला माणूस प्रत्येक गिलासात दारू ओतून राह्यला होता! माझं डोकंच बंद पडलं, आई. तीन दिवसांपासून लोक तुझं नाव घेऊन दारू मागत होते.

मी तसाच बाहेर गेलो अन् बाहीनं फळा पुसला. शेफ ओरडला, "अरे, कोण एवढी मोठी ही सिंधूताई?"

म्हटलं, "आमच्या वडनेरच्या बाया घेऊन जिनं दारूची भट्टी फोडली, ती."

फळा तर पुसला गेला.

पण शेजारची मंजुश्री सांगत होती, तू तो फोटो विहारात सगळ्या बायांले दाखवला. त्यांले आता काय सांगशीन?

रविवारी फोन करतो. रागव, पण उचलजो.

तुझा,
प्रसेनजित