मांद्र्याहून आलेलं पाणी

प्रिय रोहिणी,

सगळ्यात आधी टपकला तो बाबली. आपला शेजारी, दुसरा कोण असणार. बसमधून उतरलेली माणसं आपलं घर विचारताहेत हे त्याने ऐकलं आणि छत्री काखेत मारून त्यांच्या आधी पळत आला. म्हणतो कसा, आजी, कोणी खारवी, मासे धरणारी नवरा-बायको येताहेत, हातात दोन मोठे कॅन आहेत, फेणीच असणार, तुमच्यात आता फेणी कोण घ्यायला लागलं. मी म्हटलं, तुझ्यासाठीच मागवली असेल मेल्या. तेवढ्यात ती दोघं फाटकात आली. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण बाईच्या अंगावर तू इथून नेसून गेलेली निळी साडी होती, तिथेच ओळखलं. तुझी सासू देवकीबाई आणि सासरे यशवंतराव. तुला म्हापशाच्या बाजाराला जातो म्हणून सांगून निघाली होती, म्हणजे तुला यातलं काही ठाऊक नसणार. म्हणून सगळं सांगते. माझी शाळा देवळाच्या पडवीतली, दुसरीपर्यंतची. बोलते कोकणी, लिहिता येते मराठी. त्या दोघींवरून मागल्या साली माणसांनी एकमेकांची डोकी फोडली, माझं मात्र दोघींवाचून चालत नाही. अक्षर लागलं नाही तर नवऱ्याकडून, सागरकडून वाचून घे.

कॅनमध्ये काय होतं सांगू? समुद्राचं पाणी. तुझ्या काचेच्या पेटीसाठी. सून रोज जेवताना म्हणते, माझ्या माशांचं पाणी कोणी बदललं नसेल, म्हणून पहाटे मांद्र्याच्या वेळेवरून, समुद्राच्या काठावरून भरून घेतलं आणि दोन बस बदलून इथवर आणलं. कंडक्टरलाही बाबलीसारखाच संशय आला. बूच उघडून वास घेतला, तरी विश्वास बसेना, मग बोट बुडवून चाखलं आणि खिडकीबाहेर थुंकला. यशवंतरावांनी त्याला सांगितलं, सुनेचं माहेर आहे बाबा, रिकाम्या हाताने कसं जायचं. माणूस मोठा गमत्या आहे. मी इतकी हसले की तुझी आई आतून बघायला आली.

तुझी पेटी आता बाहेरच्या सोप्यावर आहे. मे महिन्यात गोव्याचं राज्य झालं, लोक पेढे वाटत फिरत होते आणि त्याच आठवड्यात तू खारव्याच्या घरात लग्न करून गेलीस. तुझ्या बापसाने पेटी उचलून बाहेर ठेवली, गोठ्यात टाकतो म्हणत होता. मी म्हटलं, टाक, मग मीही गोठ्यातच निजते. तेव्हापासून ती सोप्यावर आणि मी तिची राखण. खाणीचे ट्रक जातात, तांबडी माती उडते, म्हणून वर ओलं फडकं घालते. खरं सांगू, मला तुझे मासे आवडायला लागले आहेत. सकाळी पेज घेऊन पेटीसमोर बसते. ते दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे मला ओळखतात. शंखातला खेकडा मात्र शिष्ट आहे, बघतसुद्धा नाही.

तू म्हणायचीस ना, कोपऱ्यातल्या पाणी गाळणाऱ्या डबीतला कोळसा अधूनमधून बदलावा, आणि नवा कोळसा घालण्याआधी पाणी अगदी निवळ येईपर्यंत धुवावा, नाहीतर त्याची काळी धूळ माशांच्या कल्ल्यांत बसते. मला सगळं आठवत होतं. पण हात सवयीचे गुलाम. उकड्या तांदळाला तीन पाणी देते तशी कोळशालाही तीन पाणी दिली, डबी भरली, पंप चालू केला. बुडबुड्यांबरोबर काळा धूर निघावा तसं झालं. ती दोघं आली तेव्हा पेटी काजळीच्या पाण्यासारखी दिसत होती आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाय, खरी लाज ती नव्हे.

तुझ्या आईने चहा आणला तो गड्यांच्या कपांतून. वळचणीला पालथे ठेवलेले असतात तेच. सोबत पाववाल्या पोदेराचे उंडे होते, पण कप ते. मी बघितलं आणि तेच कप त्यांच्यापुढे सरकवले. यशवंतराव हसत म्हणाले, आमचे बांगडे तुमच्या चुलीपर्यंत जातात आजी, आमच्यापेक्षा त्यांचं नशीब थोर. चहा घेतला. देवकीबाईंनी दोन्ही कप विसळले आणि जिथून आले होते तिथेच वळचणीला पालथे घातले. कोणी दाखवलं नव्हतं. त्यांना जागा बरोबर ठाऊक होती.

मग कोळसा पुन्हा धुवायला आम्ही दोघी बावीवर गेलो. देवकीबाई कठड्यापासून चार हात लांब परात घेऊन बसल्या. मी पाणी शेंदलं आणि ओतायला लागले. कसं ओतलं म्हणून विचारशील तर वरून. कळशी छातीशी धरून, लांब धार सोडून, शिंतोडा उडू नये म्हणून साडी सावरून. माझी सासू गड्यांच्या बायकांना ओतायची तसं. मला कळलंसुद्धा नाही मी काय करते आहे. पाणी काळंच येत होतं. पुन्हा ओतलं, पुन्हा काळं. शेवटी देवकीबाई हळूच म्हणाल्या, आजी, एवढ्या उंचावरून धार पडते ना, कोळसा एकमेकांवर आपटून भरडतोय. तुम्ही ओतताय तोवर धूळ होतच राहणार. जरा खाली धरा.

त्यांनी टोमणा मारला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलून मोकळी झाले असते. मी खाली बसले, कळशी परातीला टेकवली. तेवढ्यात तुझी आई आली. मला वाटलं आता ही काही बोलणार. तिच्या हातात नारळाचा रस गाळायचं पांढरं फडकं होतं, आतल्या चुलीजवळचं. कोळसा यात बांधा म्हणाली आणि निघून गेली. मी बावीचा दोर देवकीबाईंकडे दिला. आधी त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या, मग उठल्या आणि पाणी शेंदलं. पुरचुंडी बुडवत, पिळत बसलो दोघी, निवळ येईपर्यंत.

अर्धं पाणी काढून मांद्र्याचं ओतलं. मासे खाली गेले. पण पट्टेवाल्यांतला एक दुसऱ्या सकाळी मेलेला सापडला. तो माझ्यामुळे गेला. जास्वंदीखाली पुरला. दुसरा बरा आहे, खातो. संध्याकाळी तुझ्या बापसाने पेटी पाहिली, कोणी पाणी आणलं ते ऐकलं. जेवून हात धुताना एवढंच विचारलं, खाडीचं होतं की समुद्राचं? समुद्राचं, म्हटलं. बरं, म्हणाला.

आता का लिहिते ते सांगते. बसची वेळ झाली, त्यांना फाटकापर्यंत पोचवलं, पण आत या हे दोन शब्द माझ्या तोंडून शेवटपर्यंत निघाले नाहीत. ओठांपर्यंत आले आणि परत गेले. पुढच्या खेपेलाही तसंच होईल याची मला भीती वाटते. या वयात माझा माझ्यावर भरवसा नाही. म्हणून तू त्यांच्याबरोबर ये. तू पुढे हो, दोघांना हाताला धरून थेट माजघरात आण. तुला कोणी अडवणार नाही, अडवलंच तर मी आहे, एवढं माझ्याच्याने होईल. तुला कोणी बोलावलेलं नाही असं मनात आणू नकोस, मी बोलावते आहे. उरलेल्या अर्ध्या पेटीचं पाणी घेऊन येतो म्हणालीत ती दोघं, साखळीला दत्ताचं दर्शन घेऊन, दत्तजयंतीच्या दिवशी.

तुझीच, वाट बघणारी,
आजी