हुपरीच्या काकांची आई

पप्पा, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगते. गेल्या महिन्यात आपल्या चर्चच्या मंडळीच्या नव्या प्रचारकांना शिकवायला मला बोलावलं होतं. वेगळ्या रीतीभातीच्या माणसांपर्यंत सुवार्ता कशी न्यावी, असा विषय. मी हुपरीच्या काकांची गोष्ट सांगितली, काय करू नये ते कळावं म्हणून. तुमचं नाव घेतलं नाही, तरी सगळ्यांना कळलं.

काका चांदीचे पैंजण घडवायचे. आपल्या नात्यातले नव्हते; तुमच्या हातून बाप्तिस्मा घेऊन त्यांना जेमतेम वर्ष झालेलं. त्यांची आई वारली त्या सकाळी तुम्ही कोल्हापुरातून स्कूटरवर निघालात, मागे मी, चौदा वर्षांची. दारात तिरडी बांधून झाली आहे. काका तुमच्यापुढे हात जोडून उभे आहेत. "साहेब, नुसतं मडकं धरतो की. थोरला हाय मी. आई हाय माझी." तुम्ही म्हणता, "असले विधी करायचे असतील तर येशूला सोड." काका बाजूला सरकतात. मडकं धाकट्या भावाने उचललं. जाता जाता म्हणाला, "आईला परकं केलंस. आता ह्या दारात पाय ठेवू नगंस." आठवड्याभरात काकांनी भाड्याची खोली घेतली. त्या भावाशी त्यांचं पुन्हा बोलणं झालं नाही.

तुम्ही मात्र हा प्रसंग वर्षानुवर्षं उपदेशात सांगितलात, विश्वासाचा नमुना म्हणून. काका पहिल्या बाकावर मान खाली घालून ऐकायचे. तुमची आई, माझी आजी, गेली तेव्हा पेटीवर पहिली मूठ माती कोणी टाकली, पप्पा? तुम्हीच ना? तुमची ती माया आणि त्यांचा तो विधी? तुम्ही वचन काढून दाखवाल, माहीत आहे मला. पण त्या माणसाकडून त्याची आई येशूने मागितली नव्हती. तुम्ही मागितलीत.

परवा मी हुपरीला गेले, तुमच्या वतीने माफी मागायला. काका थकलेत, दिसतंही कमी. आधी चहा झाला. मग त्यांनीच विचारलं, "पोरी, त्या दिवशी साहेबांचं बरोबर हुतं न्हवं?" उत्तरासाठी ते पुढे वाकले होते. चूक होतं म्हटलं असतं, तर ह्या वयात त्यांच्याकडे उरलं काय असतं?

"व्हय काका," मी म्हटलं, "बरोबर होतं."

तुम्ही आता नाही, त्यामुळे हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण काकांनी डोळे पुसले तेव्हा मलाही बरं वाटलं, आणि हे मी त्या प्रचारकांना सांगणार नाही.