आईच्या हातची घडी

३ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तू मला नर्स कधी केलंस ते आधी सांग. ख्यालीखुशाली नंतर. काल संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. गुडघ्याला सूज आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यावर दुखण्याची गोळी घेतली तर चालेल का, असं मला विचारतात. मी म्हटलं, आपण कोण? तर आपल्या चिमणीच्या होणाऱ्या सासूबाई. तूच त्यांना सांगितलंस म्हणे, की आमची ठकी परदेशात मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे, काही लागलं तर संकोच करू नका. नंबरही तूच दिलास.

दादा, मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. अकरा वर्षं तुला माहीत आहे. त्यांनी रक्ताचा डाग विचारला असता, शाईचा विचारला असता, तर चुटकीसरशी सांगितलं असतं. गोळ्यांतलं मला काय कळतं? तुझी अब्रू राखायला म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. तर त्या म्हणतात, बघा, खरी नर्स अशीच बोलते. उद्या माझ्या नावावर त्यांनी भलतंच काही गिळलं तर ते पाप कोणाच्या माथी?

आणि ज्याची तू लाज धरून बसलास, तेच कळवायला मी कागद घेतला होता. मागे इथे नवा नियम आला, की लाल पिशवीतली चादर हाताने काढायची नाही, पिशवीसकट यंत्रात टाकायची. मी पिशवी उघडली. आईची शिकवण, दुसऱ्याचं धुणं भिजवण्याआधी झाडून बघायचं, कुणाची वस्तू राहिली तर आळ आपल्यावर येतो. इथे आळ येत नाही, रोग येतो. मुकादमीणबाईंनी सगळ्यांदेखत हजेरी घेतली आणि मला धुण्यावरून काढून घड्यांच्या टेबलाशी उभं केलं. शिक्षाच ती.

तिथे माझे हात आपोआप आईसारखे चालले. बाबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा आई चादर कशी घालायची आठवतं ना? अर्धी सरळ, अर्धी चुण्या घालून मध्यावर. माणसाला उठवायचं नाही, नुसतं कुशीवर वळवायचं, की चादर पलीकडे आपली आपण उलगडते. मी शंभरेक चादरींच्या घड्या तशाच घातल्या. मुकादमीण पुन्हा ओरडली. पण चार दिवसांनी वरच्या मजल्यावरची मोठी नर्स, खरी नर्स हो, स्वतः खाली आली आणि विचारू लागली, या घड्या कोणाच्या. मी म्हटलं, झालं, गेली नोकरी. तर ती म्हणाली, रोज अशाच पाठवा, म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचतात.

आता भिंतीवर त्या घडीचे फोटो लावलेत आणि नव्या बायकांना मीच शिकवते. पाच देशांच्या आहेत, एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही, पण हात बघून सगळ्या शिकल्या. या घडीला काय म्हणायचं असं मुकादमिणीने विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईची आहे. तिने फोटोंच्या वर इथल्या भाषेत मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं, आईची घडी.

फोनवर तू विषय बदलतोस आणि आईला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तिच्या उजव्या कानाशी बसून सगळं वाच. एक ओळ गाळू नकोस.

ह्यांचा नमस्कार. लोभ आहेच, रागावले म्हणून तो आटत नाही.

तुझी,
ठकी

१६ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. तुझी घडी भिंतीवर लागली हे वाचून फार बरे वाटले. पण तुझी जीभ मात्र अजून बिनघडीचीच आहे.

मी खोटे बोललो नाही. बहीण हॉस्पिटलात आहे, एवढेच म्हणालो. नर्स का, असे त्यांनी विचारले आणि मी मान हलवली. मुलीच्या बापाची मान जरा हलकी असते, हे तुला कळायचे नाही. मंडळी शिकलेली आहेत. मी शाळेचा मुख्याध्यापक. आईने चार घरची धुणी धुतली हे मी आजवर शाळेत कुणाला सांगितलेले नाही, आणि आता सोयरीक जुळताना बहिणीचेही तेच कसे सांगू?

तू लग्नाला चार दिवस येणार. कुणी विचारलेच तर हसून वेळ मारून ने. तुझे काही जात नाही. आईची तब्येत बरी आहे. तिला पत्र वाचून दाखवले.

कळावे, माया असू दे, राग आवर.

तुझा,
दादा

ता.क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून ही चोरून चार ओळी. यांनी आईंना पत्र वाचलं ते मधलं, घडीचं पान सोडून. मग दुपारी मी कानाशी बसून अख्खं वाचलं. आई चिमणीला म्हणाल्या, कपाटातून चादर आण. घडी घालून दाखवली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. तुम्हाला विचारायला सांगितलंय, ठकी काठ आत ठेवते ना, बाहेर राहिला तर आजारी माणसाला टोचतो. चिमणी तीच घडी उशाशी घेऊन निजली. तुमची, वहिनी.

१ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

आईला सांग, काठ आतच ठेवते. पहिल्या दिवसापासून.

मधलं पान तू सोडलंस हे मला कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि घरात कुणावर डोळे वटारू नकोस.

माझं काही जात नाही म्हणतोस. मी चौथीतून शाळा सोडली, कारण दोघांची पुस्तकं एका वेळी होत नव्हती. मी आईबरोबर धुण्याला गेले आणि तू वर्गात गेलास. त्याचं मला काही वाटलं नाही, अजून वाटत नाही. तू हेडमास्तर झालास तेव्हा मी इथे टेबलावरच्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं, माझा भाऊ एवढी मोठी शाळा चालवतो. मी मान उंच करून तुझं सांगते आणि तू माझ्यासाठी मान हलवतोस.

इथे आले तेव्हा मुकादमीण आली की मी उठून उभी राहायचे. ती दचकायची, तिला वाटायचं आग लागली. वयाने मोठी बाई, तिला नुसत्या नावाने हाक मारायला मला वर्ष लागलं. हळूहळू शिकले. इथे कोण काय काम करतं हे माणसं पहिल्याच भेटीत विचारतात आणि उत्तर ऐकून खुर्ची मागे घेत नाहीत. माझ्या शेजारी उभी राहते ती तिच्या देशात शाळेत शिकवत होती, तुझ्यासारखीच. आता चादरींच्या घड्या घालते. घरी पत्र पाठवते त्यात तसंच लिहिते. माझी घडी पहिल्यांदा तिलाच जमली.

तर आता ऐक. मला कुणाच्या मांडवात नर्स होऊन बसायचं नाही. त्या बाईंचा पुन्हा फोन आला, आता सुनेच्या आत्याला सगळं विचारतात. मी दोन्ही वेळा डॉक्टरांकडे पाठवलं, तिसऱ्या वेळी खरं सांगणार. पण ते मी सांगण्यापेक्षा तू सांगावंस. चिमणीला त्या घरात जायचं आहे, तिने आत्याचं खोटं उशाशी घेऊन जाऊ नये. ती घडी घेऊन जावी.

व्याही मंडळींना घरी बोलाव. आईला मध्ये बसव. पहिलं पत्र मधल्या पानासकट मोठ्याने वाच, वर्गात वाचतोस तसं, म्हणजे आईलाही ऐकू जाईल. मग हेही वाच. त्यांनी सोयरीक मोडली तर मी तुझे पाय धरीन. पण गुडघे दुखणारी बाई चादरीची किंमत जाणते, असं माझं मन सांगतं.

मुकादमीण रजेचा कागद वीस मार्चला मागते. त्याच्या आधी मला तुझं उत्तर हवं, तुझ्या हातचं, आणि फोनवर नको. वाचलंस की नाही, एवढंच लिही. वाचलं असेल तर मी येते, चिमणीच्या रुखवतासाठी बारा चादरी आणते, माझ्या हातच्या घड्या घालून.

तुझी,
लाँड्रीवाली ठकी