लॅपटॉप मराठीत केलाय

अहो,

आपल्या मुलाने, यायरने इस्रायलहून आणलेला लॅपटॉप मी मराठीत केलाय. कसा करायचा ते त्यानेच फोनवर सांगितलं. काल तुम्ही स्क्रीनवरचं हिब्रू प्रार्थनेसारखं घडाघडा वाचलंत, अर्थ न कळता बटण दाबलंत आणि नातीचे सगळे फोटो उडवलेत. पनवेल सोडून कायमचं तिकडे जायलाही तुम्ही असाच होकार दिलात, मला न विचारता.

मी मोऱ्याला बहिणीकडे जातेय. किद्दुशच्या प्रार्थनेला लागणाऱ्या शरबतासाठी मनुका भिजत घातल्यात, त्या कुस्करून गाळून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायला मी येईन. तेव्हा लॅपटॉप पुन्हा हिब्रूत दिसला, तर तिकडे जायचं तुम्ही एकट्यानेच ठरवलंय, हे उत्तर मला मिळालं असं समजेन.

रूबी