शीतगृहाचा आकडा

४ नोव्हेंबर, सोमवार

आईच्या नवऱ्याने, एगोनने, आज तिला चिमट्याने मारले — सापांना उंदीर भरवायच्या लांब लोखंडी चिमट्याने! कारण एवढेच, की पेट्यांचा उबदार कोपरा एकोणतीस अंशांवरून सव्वीसवर आला होता. ऊब देणारा दिवा गेला होता. तिने फोडला नव्हता.

“तुझ्या आईला दिवासुद्धा कळत नाही,” तो मला म्हणाला. “तू बघत जा. एवढी पुस्तकं खातेस, माझ्या सापांना तरी उपयोग होऊ दे.”

तर आजपासून दहाही मिल्क स्नेक माझ्याकडे. लाल, काळे, पांढरे पट्टे. विष अजिबात नाही. पेटीचे एक टोक एकोणतीस, दुसरे तेवीस, रात्री एकवीस. अंग तापले की ते गार टोकाकडे सरकतात. या घरात आम्हा दोघींना सरकायला दुसरे टोक नाही.

७ नोव्हेंबर

आई वळ घेऊनच बेकरीत कामावर गेली. तिथल्या हेडविग मावशींनी सर्वांसमोर विचारले, “काय गं, बर्फावरून घसरलीस? अजून बर्फ पडायचाय, बाई!” सगळे हसले. आईही हसली, असे तिने स्वतःच सांगितले.

१० नोव्हेंबर, रविवार

एगोनने सकाळी प्रत्येक सापाला दोन-दोन उंदीर चारले आणि जेवताना जाहीर केले — उद्यापासून शीतगृह!

शीतगृह म्हणजे तळघरातली त्याच्या बापाची खोली. खाटकाचे दुकान बंद झाले, मांस टांगायचे आकडे अजून छताला आहेत. दरवर्षी हिवाळ्यात साप तिथे बारा अंशांवर निजवायचे, म्हणजे वसंतात ते जुगतात. यंदा त्याला घाई. साप विकणाऱ्या त्या कुर्टची पिल्ले आपल्याआधी बाजारात येता कामा नयेत.

मी बोलले. माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही, पण बोलले! “आधी पोट रिकामं व्हायला हवं. दोन आठवडे उबेत, उपाशी. मग हळूहळू उतरवायचं. नाहीतर थंडीत पचन थांबतं आणि उंदीर पोटातच कुजतो.”

बटाट्यांचे भांडे भिंतीवर फुटले.

“माझ्या बापानं त्या खोलीत चाळीस वर्षं डुकरं टांगली! आणि तू मला थंडी शिकवतेस?”

मग माझा कान.

११ नोव्हेंबर

बारा अंश. कान अजून वाजतो आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन मेले. पोटे फुगलेली, खोलीभर घाण वास. त्यांत झेल्माही, माझ्या बाहीत शिरून झोपणारी एकटीच ती.

“तापमानाचा आकडा तूच हलवलास!” एगोन ओरडला. मी नाही म्हणाले. त्याचा हात माझ्यावर उठला, तशी आई मध्ये आली. त्याने झेल्माला उचलले, आईच्या गळ्याभोवती गुंडाळले आणि दोन्ही टोके ओढली.

झेल्मा कुजली होती, म्हणून तुटली. तुटली, म्हणून आई वाचली.

आईच्या केसांतून ते सारे धुऊन काढताना मला दोनदा ओकारी झाली. ती मात्र स्वस्थ बसून होती.

२३ नोव्हेंबर

“पोलिसांकडे जाऊ या,” मी म्हटले.

“मागे आले होते की. त्याच्याबरोबर कॉफी प्यायले, मला म्हणाले, बाई, जरा सांभाळून घ्या.”

ती गाजरे सोलत राहिली. मग तिने विचारले, “त्या खोलीचा आकडा शून्याच्या खाली जातो का गं?”

“उणे वीसपर्यंत. मांसासाठीच होती ना.”

“हं. उरलेले सात वर आण. तुझ्या खोलीत ठेव, उबेत.”

आईला सापांची शिसारी आहे. तरी ती स्वतः पेट्या धरू लागली — एकेक पायरी, डोळे मिटून! पुन्हा ऊब मिळाली तर त्यांचे पचन सुरू होईल, कदाचित जगतील.

२४ नोव्हेंबर, रविवार

पेट्या कुठे गेल्या ते पाहायला एगोन शीतगृहात शिरला. आईने बाहेरून अडसर घातला. दार जाड आहे; शिव्या ऐकू येत नाहीत, नुसत्या लाथा.

तापमानाच्या आकड्यांची चकती दाराबाहेर आहे. तिच्यावर बोट ठेवून आईने माझ्याकडे पाहिले. “किती?”

मी आकडा सांगितला. तो बारा नव्हता.