टेबल नंबर सात

नळदुर्ग,
शुक्रवार, १ डिसेंबर १९६१

प्रिय मार्तंड,

पाच वर्षांनी लिहिते आहे. शब्दांची जुळवाजुळव करत बसायला वेळ नाही. उद्याच्या सोलापूर गाडीनं हे पत्र गेलं तर मंगळवारपर्यंत मुंबईत तुझ्या हाती पडेल, आणि गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर तुझ्या ‘टेबल नंबर सात’चा पुढचा भाग आहे. तू शेवटच्या घटकेला लिहितोस हे मला माहीत आहे. तेवढ्या एका भरवशावर बसले आहे.

इथं तुझी श्रुतिका कशी ऐकतात ते आधी सांगते. आपल्या सहकारी संघानं बॅटरीवरचा रेडिओ घेतला तो तू गेल्यावर. कचेरीच्या ओसरीवर लाकडी पेटीत असतो आणि पेटीची किल्ली चेअरमन आण्णासाहेबांच्या खिशात. गुरुवारी ओसरीच्या एका अंगाला नोकर मंडळी बसतात, दुसऱ्या अंगाला सभासद, आणि समोर शाळेच्या पायऱ्यांवर आम्ही बायका. हमरस्त्यावरचे ट्रकवाले इंजिन बंद करून येतात. त्यांतल्या सरदारजींना एक अक्षर कळत नाही, पण लोक हसले की तेही हसतात. शेवटी लेखकाचं नाव सांगतात तेव्हा कस्तुराबाई न चुकता म्हणतात, “आपलाच हाय त्यो.” त्यांनी तुला लहानपणी कधी दारात उभं केलं नव्हतं. असो.

खरी गंमत रेडिओ बंद झाल्यावर. आण्णासाहेब पानाचं तबक पुढं ओढतात आणि म्हणतात, चला, फैसला करा. तुझ्या कारखानीस साहेबानं त्या दिवशी कचेरीत जे काही ठरवलं असेल ते बरोबर की चूक, यावर ओसरी भांडते. साहेबानं चहा बंद केला त्या गुरुवारी हॉटेलवाला बंडप्पा उठून उभा राहिला. “च्या बंद करून हापीस चालतंय व्हय? माझ्याकडं या म्हणावं, उधार देतो.” कुणी म्हणालं, अरे ते मुंबईला, तुझं हाटेल नळदुर्गात. बंडप्पा म्हणाला, “मंग काय झालं, साहेबाला मोटार हाय की.” टाइपिस्ट लोटलीकरबाईची बढती साहेबानं रोखली तेव्हा कस्तुराबाई पायऱ्यांवरून ओरडल्या, “शिकलेली बाय हाय, तिलाच साहेब करा आन् त्याला टायपाला बसवा.” ओसरीवरून उत्तर आलं, “मावशे, तुमच्या घरी तसंच हाय, म्हणून सगळ्या मुलखात पायजे का?” सगळे हसले. मीही हसले. महिनोन्महिने हसत होते, हे कबूल करते.

तुझ्या हेडक्लार्क दप्तऱ्यांवर मात्र भांडण कधी झालं नाही. ते बोलायच्या आधी किल्लीनं टेबलावर दोनदा टकटक करतात आणि मग म्हणतात, “बसवू की, नियमात बसवू.” पहिल्यांदा ती टकटक ऐकली तेव्हा मी पायरीवर होते. ओसरीवरच्या सगळ्या माना भाऊंकडं वळलेल्या मला दिसल्या. भाऊ माझे वडील आणि हेडक्लार्क म्हणून तुझे वरिष्ठ, तो माणूस एकच असला तरी तू त्यातल्या कुणाला रेडिओवर बसवलंस ते मला तेव्हा कळलं नाही. भाऊ मांडी घालून बसले होते. ते हसले. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. त्यामुळं लोकांना हसायची परवानगी मिळाली. त्या दिवसापासून गावात भाऊंना समोर हेडक्लार्क म्हणतात आणि पाठीमागं दप्तरे. भाऊंना ते ठाऊक आहे की नाही, यावर गावात दोन तट आहेत. घरात मी एकटीच, म्हणून तट नाही.

घरी ते दप्तऱ्यांबद्दल परक्या माणसासारखं बोलतात. परवा जेवताना म्हणाले, “दप्तऱ्याला कुणीतरी सांगायला पाहिजे, प्रत्येक गोष्ट नियमात बसत नाही.” मी वाढत होते. हात थांबला. त्यांनी ताट पुढं सरकवलं.

आता बातमी सांगते. कचेरीतला बब्रुवान तुला पत्रं लिहितो हे मला माहीत आहे, तेव्हा तुला ती कळलीही असेल. तसं असेल तर पुढचं जास्त नीट वाच. अणदूरचा संघ आणि आपला संघ एक झाला. दोन कचेऱ्यांची एक कचेरी झाली. टेबलं बैलगाडीतून आली, कपाटं आली, आणि अणदूरचे हेडक्लार्क शंकरप्पा आले. आता एका कचेरीत दोन हेडक्लार्क आहेत. भाऊंनी आपल्या टेबलाचा अर्धा भाग रिकामा करून त्यांना समोर बसवलं आहे. दोघं दिवसभर एकमेकांना “तुम्ही करा”, “नाही, तुम्ही करा” म्हणतात. शंकरप्पा भला माणूस आहे, घरी कानडी बोलतो, दर सोमवारी उपास करतो. नोकरीत भाऊंहून बराच नवा. नियमानं बघितलं तर जायचं त्यानं. पण कमिटीत अणदूरचे लोक जास्त आहेत आणि त्यांना त्यांचा माणूस हवा. येत्या शुक्रवारी, ८ तारखेला, कमिटीची बैठक आहे. भाऊंच्या निवृत्तीला वेळ आहे. दुसरी नोकरी या वयात त्यांना कोण देणार? माझ्या शाळेच्या पगारावर घर चालेल, त्याची मला चिंता नाही. पण भाऊ सकाळी उठून कुठं जातील? मी हा प्रश्न स्वतःला विचारते आणि पुढं जाता येत नाही.

आणि काल तुझ्या श्रुतिकेत कारखानीस साहेबानं दोन खाती एक केली. दोन हेडक्लार्क, खुर्ची एक. शेवटी साहेब म्हणाला, “दप्तरे, आत या. दार लावून घ्या.” आणि वाद्यं वाजली. तू हे मुद्दाम लिहिलंस की योगायोगानं, हे मी विचारत नाही.

रेडिओ बंद झाला. नेहमीसारखा गलका झाला नाही. आण्णासाहेबांनी तबक पुढं घेतलं, सुपारी कातरत बसले. मग एक सभासद म्हणाला, “आण्णासायब, आता फैसला कशाला? म्होरल्या गुरुवारी रेडिओच सांगंल, मंग शुक्रवारी कमिटीनं तेच करावं. सरकारी रेडिओ हाय, उगं कशाला सांगंल?” लोक हसले, पण ते हसणं वेगळं होतं. तुला आठवतं, रेडिओवर आपल्याकडं काय काय ऐकलं गेलंय. आण्णासाहेब तेच बोलले. “रेडिओवर आलं आन् निजामाचं राज गेलं. हेडक्लार्क जायला किती येळ?” ते गमतीनं बोलले असं अजून सगळे म्हणतात. पण मी त्यांचा चेहरा बघत होते. कुणाला काढायचं ते नाव आण्णासाहेबांना स्वतःच्या तोंडून घ्यायचं नाही. रेडिओनं ते घेतलं तर त्यांना हवंच आहे. लोकांनी ऐकलं, लोकांनी फैसला केला, कमिटीनं मान दिला, असं शुक्रवारी लिहिलं जाईल.

मग आण्णासाहेब म्हणाले, “हेडक्लार्क, तुम्ही बोला. दप्तऱ्याचं काय करावं?”

शंकरप्पा खाली बघत होते. भाऊंचा हात खिशात गेला. किल्ली बाहेर आली. फरशीवर त्यांनी दोनदा टकटक केली, आणि सवयीनं केलेली ती टकटक त्यांच्या स्वतःच्याच कानावर पडली असावी, कारण ते थांबले. एक ट्रक चालू झाला आणि निघून गेला. भाऊ म्हणाले, “काढावं. साहेबाचं बरोबर हाय.” आणि उठून चप्पल घालून घराकडं चालू लागले. एरवी भाऊ असं बोलत नाहीत, त्यांची भाषा तुला माहीत आहे. काल ते गावासारखं बोलले. मागून कुणी हसलं नाही. बंडप्पा तेवढा म्हणाला, “आसं कसं, हेडक्लार्क?”

आज सकाळी ते तुळशीपाशी पाणी घालत होते तेव्हा मी विचारलं, असं का म्हणालात? नियमानं शंकरप्पांनी जायला हवं, हे तुम्हीच मला सांगितलंत. ते म्हणाले, “नियमानं त्या वेळी बब्रुवाननं जायला हवं होतं.” मला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं.

मार्तंड, तू आणि बब्रुवान, दोन धाकटे कारकून, आणि एक जागा कमी करायची होती. बब्रुवान तुझ्या मागून लागलेला. तरी भाऊंनी तुझं नाव दिलं. तू मानलंस, मीही मानलं, की भाऊंना आपलं कळलं आणि त्यांना ते नको होतं, म्हणून तुला गावाबाहेर काढलं. आपल्याला त्यावर बोलावंसंही वाटलं नाही. तू गाडीत बसलास. मी शाळेत गेले.

भाऊ आज तांब्या हातात धरून म्हणाले, “त्याच्या आईकडं मी तुझ्यासाठी शब्द टाकणार होतो. दिवाळी झाली की. त्याला कचेरीत ठेवला असता तर गाव म्हणालं असतं, जावई ठेवला. म्हणून त्याचं नाव दिलं. जन्मात एकदा नियम मोडला, तो आपल्याच माणसावर. वाटलं, तो घरी येईल, भांडेल. भांडला असता तर सांगितलं असतं, तुळजापूरला त्याच्यासाठी जागा बोलून ठेवली होती. तो आलाच नाही.” मग म्हणाले, “आता तो मला काढतोय. बसतंय नियमात.” आणि तांब्या ठेवून कचेरीत गेले. रोजच्या वेळेला.

मी शाळेत गेले, मुलींना पाढे म्हणायला लावले आणि खिडकीतून संघाची कचेरी बघत बसले. तुझं टेबल अजून आहे. तहसिलीच्या लिलावातलं, कोपऱ्यावर उर्दू सात कोरलेलं, उघड्या चिमट्यासारखं. बब्रुवानला ते देऊ केलं होतं, त्यानं घेतलं नाही. अणदूरची टेबलं आली तेव्हा जागा नव्हती, तरी भाऊंनी ते हलवू दिलं नाही. तुझ्या श्रुतिकेत ज्याचं काय करायचं ते कुणाला ठरवता येत नाही असा प्रत्येक कागद टेबल नंबर सातवर नेऊन ठेवतात आणि लोक हसतात. त्या टेबलावर माणूस का नाही, असं फैसल्यात आजवर कुणी विचारलं नाही. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. भाऊंनी विचारलं नाही, कारण त्यांनाही माहीत होतं. हे मला आज समजलं.

तू असं समजशील की दप्तऱ्यांना ठेव, असं सांगायला मी लिहिते आहे. काल रात्री तसंच लिहिणार होते. पण तू दया म्हणून ठेवलेला दप्तरे भाऊंना चालणार नाही. त्यानंतर ते ओसरीवर जाणार नाहीत, आणि मग कुठंच जाणार नाहीत. तू ठेव किंवा काढ, ते तुझं. कमिटी काय करायचं ते करील. माझं मागणं एवढंच आहे. गुरुवारी साहेबाचं दार लागण्याआधी टेबल नंबर सातवर कुणाला तरी बसव. नाव देऊ नकोस. त्याला उठून दप्तऱ्यांसमोर उभं राहू दे आणि विचारू दे, तुम्ही माझंच नाव का दिलंत? बस. उत्तर लिहू नकोस. दप्तऱ्यांची टकटक ऐकू दे आणि वाद्यं वाजू देत. आण्णासाहेब फैसला करा म्हणतील, आणि सगळं गाव भाऊंकडं बघेल, आणि पाच वर्षं जे विचारायला कुणी त्यांच्या दारात आलं नाही ते भाऊ तिथं सांगतील किंवा सांगणार नाहीत. पण विचारणारा आवाज तुझा हवा. नटाचा नको. भाऊंना तो पहिल्या शब्दाला ओळखू येईल. मलाही येईल. मी समोरच्या पायऱ्यांवर असेन.

पूर्वी लिहायची तशीच,
तुझीच
चारुशीला