खुणेचा लाल धागा

२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आ. आणि प्रभूत सलाम.

आजोबा झालास, अभिनंदन! तुझ्या भाचीला काल मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. नाक थेट तुझ्यावर गेलंय, बाकी सगळी प्रभूची दया. जावईबापू बाळाला असे धरतात, जसं काही उकळतं पातेलंच हातात दिलंय. तेव्हा मला इथून इतक्यात हलता येणार नाही.

लाँड्रीची किल्ली पहिल्यांदाच तुझ्या एकट्याच्या हाती दिली आहे, म्हणून दोन गोष्टी पुन्हा सांगते. चिडू नकोस. रविवारी बॉयलर पेटवायचा नाही. बाबांनी दुकान काढलं तेव्हापासून तो रविवारी थंड आहे. मोठमोठी गिऱ्हाइकं दारातून परत गेली, पण बाबा म्हणायचे, देवावर प्रेम आहे हे गाऊन कुणीही सांगेल, आपण त्याचं ऐकून दाखवू.

दुसरं, चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजाचं कापड. ते आई हाताने धुवायची, तिच्यामागे मी. गिऱ्हाइकांच्या कपड्यांत ते कधी मिसळत नाही, म्हणून तर इतरांसारखा त्याच्या कोपऱ्याला खुणेचा धागा नाही. यावेळी तू धू. नीळ बेतानेच घाल, तुझा हात सढळ आहे.

इस्त्रीच्या दोघी मावशींना सलाम सांग. वेळेवर जेव. लोभ आहेच, तो असाच वाढू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

नाक माझं म्हणतेस, म्हणजे मुलगी देखणी निघणार यात शंका नाही. तुझं पत्र वाचताना तू कमरेवर हात ठेवून दारात उभी आहेस असंच वाटलं. मी उभा राहूनच वाचलं.

इथे सगळं तू सांगितलंस तसंच चाललंय. रविवारी बॉयलर थंड आणि मी उपासनेला पुढच्या बाकावर, अगदी तुझ्या जागी. कापड स्वतःच्या हाताने धुतलं, दोनदा विसळलं आणि चर्चमध्ये पाळकांच्या घरी, पाळकीणबाईंकडे पोचवलं. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय? तू निश्चिंत राहा, घाई करू नकोस. नातीला एक पापा दे आणि तिला सांग की तिचा आजोबा मोठा गुणी माणूस आहे. प्रेमात अंतर पडू देऊ नये.

तुझा बारक्या

२१ मार्च

बारक्यास,

काल पाळकीणबाई डोळे दाखवायला या गावी आल्या होत्या, म्हणून बाळाला बघून गेल्या. तुझं कौतुक करता करता थकल्या. म्हणाल्या, मेजाच्या कापडाच्या कोपऱ्यात भावाने लाल धाग्याचा इवलासा क्रूस भरलाय, किती हा भक्तिभाव! मंडळीतल्या बायकांनी हात लावून लावून पाहिला म्हणे. मी विचारलं, टाका एकेरी की दुहेरी? दुहेरी, म्हणाल्या.

लाल दुहेरी फुली ही हॉटेलच्या चादरींची खूण. ती मीच ठरवली होती. म्हणजे आईने जपलेलं कापड तू हॉटेलच्या गठ्ठ्यात टाकलंस. पुढे त्या भोळ्या बाईच म्हणाल्या, बिचारा रविवारीही राबतो, उपासनेच्या वेळी तुमचं धुराडं चालू दिसतं. मी हसून त्यांना चहा दिला.

बॉयलर पेटवलास त्याचा राग आहेच. पण तो थंड आहे असं तू मला लिहून कळवलंस. तुझं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. व्याह्यांना सांगितलं, बघा, माझा भाऊ माझ्या जागेवर बसतो. केसाने गळा कापलास रे! परक्याने केलं असतं तर दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

किल्ली मावशींकडे दे. मी आले की आपल्या वाटा वेगळ्या करू.

ताई

२७ मार्च

ती. ताईस,

खोटं लिहिलं, हे खरं. त्यावर पांघरूण घालत नाही. हॉटेलला आता चादरी रविवारी दुपारीही लागतात, त्या गडबडीत कापडही त्यांच्यात गेलं आणि खूण घातली गेली. मी बघितलंही नाही.

पण तू काय केलंस तेही ऐक. रविवारचं काम नाकारलं तर हॉटेल सगळंच काम दुसरीकडे देणार, आणि मग एका मावशीला घरी बसवावं लागणार, हे सांगायला तू जाण्याआधी मी तुझ्याकडे आलो होतो. तू वर न बघता म्हणालीस, आज्ञा म्हणजे आज्ञा. आणि इस्त्री फिरवत राहिलीस. लहानपणापासून देवाच्या आज्ञा मला तुझ्याच आवाजात ऐकू येतात, ताई. देवाशी मी बोललो असतो. तुझ्याशी बोलायची भीती वाटली, म्हणून खोटं लिहिलं.

किल्ली मावशींकडे दिली आहे. वाटण्या तुला हव्या तशा कर.

बारक्या

५ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आ. आणि प्रभूत सलाम.

रविवारी इथल्या मंडळीत प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट बाकावरून सरकत माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. ताट शेजारणीकडे दिलं. लेक चमकून बघत राहिली. आपण भांडून जेवायला बसलो की बाबा प्रार्थना थांबवायचे, आठवतं? भावाशी बिनसलं असेल तर देवाला द्यायचं ते तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं प्रभूने सांगितलंय, म्हणायचे. आणि आपण ताटं सोडून एकमेकांचे हात धरायचो, दात-ओठ खात.

माझा राग गेलेला नाही. ‘तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय’ हे तुझं वाक्य मी अजून विसरलेले नाही. तुला क्षमा करावी असं मला मुळीच वाटत नाही. पण वाटलं तरच जा, असं कुठे सांगितलेलं नाही. रविवार पाळणं मला सोपं होतं रे. बॉयलरने मला कधी दगा दिला नव्हता.

शनिवारी येते. बसस्टँडवर ये. आला नाहीस तर मी तुझ्या दारात येऊन बसेन, आणि मी किती वेळ बसू शकते ते तुला माहीत आहे. पाळकीणबाईंकडून कापड मागून आण. लाल धागा उसवू नकोस, तो दोघं मिळून उसवू. मावशींचं काय करायचं तेही सांग, यावेळी वर बघून ऐकेन. रविवारी बॉयलर थंडच राहील, हे माझं म्हणणं मात्र बदललेलं नाही. भांडायचं तर समोर बसून भांडू. आपलं मिटेपर्यंत ते कापड मेजावर जायचं नाही. मेज उघडं राहिलं तर राहू दे.

शेवटी नेहमीसारखं ‘लोभ असावा’ लिहायला गेले आणि पेन थांबलं. मनात शोधला, आज सापडत नाही. पण तो ठेवायची प्रभूची आज्ञा आहे. तुला हेही माझ्याच आवाजात ऐकू येईल. येऊ दे. पण ही आज्ञा मी तुला केलेली नाही, बारक्या. मला झालेली आहे.

येतेय.

तुझी ताई